नाशिकहून फिल्मवर तेजोमेघ टिपायचेत? मग रोल कसा निवडायचा आणि कसा तयार करायचा ते आधी बघा

फिल्मच्या डब्यावर ४०० (आयएसओ, म्हणजे फिल्म किती फास्ट त्याचा आकडा) लिहिलंय म्हणजे ती फिल्म रात्रीच्या आकाशातही १०० वाल्यापेक्षा चौपट फास्ट असणार, असं धरून चाललात तर पहिला रोल गेला समजा. माझा गेलाय. पौषातली अमावस्या, पेठच्या पुढे ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं, रात्रभर कुडकुडत काढलेले ३६ फ्रेम, आणि रोल धुतल्यावर बघतो तर तारे आहेत, मृगातला मोठा तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग, पुसटसा आहे आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो रोझेट तेजोमेघ अजिबातच नाही. कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता, ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवणं, पण ठीक होतं, चुकली होती ती फिल्मची निवड. तेव्हापासून मी रोल घेताना डब्यावरचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. आधी दोन प्रश्न विचारतो, ही फिल्म लांब एक्सपोजरला किती दम टिकवते, आणि हिला खोल लाल रंग दिसतो का.

फिल्मचा दम म्हणजे काय

फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक बारीक स्फटिक असतात. प्रकाशाचा कण आदळला की स्फटिकात चांदीचा एक अणू सुटा होतो, पण एकटा अणू फार वेळ तग धरत नाही, तो परत विरघळून जातो. तीन-चार अणू एका ठिकाणी जमले तरच ठिपका पक्का होतो आणि डेव्हलपरमध्ये तो स्फटिक काळा पडतो. दिवसा प्रकाश धो धो येतो त्यामुळे हे क्षणात होतं. पण दूरच्या तेजोमेघाचा प्रकाश म्हणजे झिरपणाऱ्या माठात थेंब थेंब पाणी टाकण्यासारखं आहे, दुसरा थेंब येईपर्यंत पहिला झिरपून गेलेला असतो. म्हणून दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम मिळत नाही. याला रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणतात. १९०० च्या सुमाराला ताऱ्यांची तेजस्विता फोटोवरून मोजताना कार्ल श्वार्झशिल्डने याचं गणित मांडलं, हो, कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्याचं नाव आहे तोच.

आता आकडे बघू कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. इलफर्ड कंपनी आपल्या प्रत्येक फिल्मसाठी एक घातांक देते, प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सांगितलेल्या सेकंदांना त्या घाताला चढवायचं की खरा वेळ मिळतो. एचपी ५ साठी १.३१, एफपी ४ आणि डेल्टा १०० साठी १.२६, डेल्टा ४०० साठी १.४१. फोनच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचं काम आहे. समजा एखाद्या दृश्याला ४०० च्या फिल्मवर नुसत्या हिशेबाने ३ मिनिटं, म्हणजे १८० सेकंद पुरायला हवेत. एचपी ५ ला प्रत्यक्षात १५ मिनिटं लागतात. डेल्टा ४०० ला २५ मिनिटं, आणि दोन्हींच्या डब्यावर ४०० च लिहिलंय! एफपी ४ ही १२५ ची, तिचा घातांक कमी असला तरी मुळातच वेळ जास्त लागतो म्हणून ती जाते ५० मिनिटांवर. आता फुजीची ॲक्रॉस १०० टू घ्या. १०० ची असल्यामुळे नुसत्या हिशेबानेच १२ मिनिटं होतात, पण फुजी म्हणते की १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवू नका आणि तिथून १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, अर्धा म्हणजे साधारण १.४ पट). म्हणजे झाली साधारण १७ मिनिटं. १०० ची फिल्म डेल्टा ४०० च्या पुढे गेली आणि एचपी ५ च्या जवळपास बरोबरीला आली, वर तिचा दाणा, म्हणजे फोटोत दिसणारी चांदीची रवाळी, कितीतरी बारीक.

कोडॅकचंही असंच आहे. त्यांच्या तक्त्याप्रमाणे ट्राय-एक्सला १०० सेकंदांच्या जागी १२०० सेकंद द्यावे लागतात, टी-मॅक्स १०० ला मात्र २०० सेकंदांत भागतं. ट्राय-एक्स रस्त्यावरच्या फोटोंसाठी कितीही लाडकी असली तरी तेजोमेघांसाठी मी ती घेणार नाही.

लाल रंगाची भानगड

रोझेट, कॅलिफोर्निया, बर्नार्डचा वलय, हंसातला नॉर्थ अमेरिका हे सगळे तेजोमेघ मुख्यतः हायड्रोजनच्या लाल प्रकाशात चमकतात, त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट फिल्मची नजर नेमकी ६५० च्या आसपास संपते. ॲक्रॉस तर त्याच्याही थोडं आधी थांबते, त्यामुळे दमाला एक नंबर असलेली ही फिल्म रोझेटसमोर आंधळी आहे. माझ्या त्या पहिल्या रोलमध्ये हेच झालं होतं, फिल्म वेगळी होती पण आजार हाच.

म्हणून आधी काय टिपायचंय ते ठरवा आणि मग रोल घ्या. देवयानीची दीर्घिका, कृत्तिका, तारकागुच्छ, उन्हाळ्यात धनु-वृश्चिकातल्या आकाशगंगेतले काळे पट्टे, यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, इथे ॲक्रॉस मस्त चालते. मृगातला मोठा तेजोमेघ, म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धुरकट दिसतो तो, यात लालसोबत ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाशही भरपूर असतो, त्यामुळे तो जवळपास कुठल्याही फिल्मवर येतो. पहिला रोल त्याच्यावरच घालवा, निराश होणार नाही.

लाल तेजोमेघ हवे असतील तर रंगीत स्लाइड फिल्मकडे (धुतल्यावर निगेटिव्ह न येता थेट खरे रंग दिसतात ती) या. कोडॅकची एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली होती, ती ई-१०० नावाने २०१८ मध्ये परत आली आणि तिचा लाल थर ६५० च्या आसपास चांगला जागा असतो, हायड्रोजनचा लाल तिच्यावर खरोखर लाल दिसतो. फुजीची प्रोव्हिया १००एफ दमाला जबरदस्त आहे, १२८ सेकंदांपर्यंत कंपनी कुठलंच करेक्शन सांगत नाही. वेल्विया ५० च्या नादी मात्र लागू नका, तिला ४ सेकंदांपासूनच करेक्शन सुरू होतं. दिवसा सह्याद्रीतला पावसाळा टिपायला ती सुंदर आहे, रात्री नाही.

कलर निगेटिव्ह, म्हणजे पोर्ट्रा, अल्ट्रामॅक्स, गोल्ड वगैरे, सहज मिळतात आणि धुवायला सोपे पडतात. कोडॅक यांच्यासाठी फार लांबचं काही सांगत नाही, पोर्ट्रा ४०० ला एक सेकंदाच्या पुढे स्वतः टेस्ट करा म्हणते. नवशिक्याने यातला एखादा ४०० चा रोल घेऊन सुरुवात केली तर माझी हरकत नाही, पण लांब एक्सपोजरला तिन्ही रंगांचे थर वेगवेगळ्या वेगाने दमतात त्यामुळे आकाशाला हिरवट किंवा जांभळट झाक येते, ती स्कॅन केल्यावर काढावी लागते. सिनेस्टिल ८०० टी वर ताऱ्यांचे फोटो बघून पुष्कळ जण मोहात पडतात. ती सिनेमाच्या फिल्मवरचा काळा मागचा थर काढून बनवलेली असते, त्यामुळे ठळक ताऱ्यांभोवती लाल वलय येतं. काहींना ते आवडतं. मला नाही आवडत, कारण तिथे तेजोमेघ आहे की फिल्मचा खेळ आहे तेच कळत नाही.

ब्लॅक अँड व्हाइटमध्येच लाल हवं असेल तर इलफर्डची एसएफएक्स २०० आहे, तिची नजर ७४० नॅनोमीटरपर्यंत जाते. लाल फिल्टर लावला की शहराचा बराचसा उजेड गाळला जातो आणि हायड्रोजन राहतो. पण घातांक १.४३, म्हणजे दम कमी. चिकाटी ठेवा.

जुन्या लोकांकडून कोडॅकच्या टेक्निकल पॅन २४१५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचं नाव ऐकाल. दाणा इतका बारीक की त्या फिल्मसाठी लोक जीव टाकायचे. २००४ च्या सुमाराला ती बंद झाली. कोणाच्या फ्रीजमध्ये राहिलेला रोल मिळाला तर आठवण म्हणून घ्या, अमावस्या तिच्यावर लावू नका.

घेताना आणि ठेवताना

एकाच बॅचचे चार-पाच रोल एकदम घ्या, डब्यावर इमल्शन नंबर असतो तो जुळवून. एका रोलवर टेस्ट केली आणि दुसरा वेगळ्या बॅचचा निघाला तर टेस्टचा काही उपयोग राहत नाही. ब्लॅक अँड व्हाइटचं पक्कं ठरलं असेल तर १०० फुटांचा बल्क रोल घ्या, त्यात ३६ चे अठराएक रोल होतात. बल्क लोडर (लांब फिल्म कॅसेटमध्ये भरायचा डबा) आणि रिकामी कॅसेट लागतात, पण स्वस्त पडतं आणि सगळं एकाच बॅचचं असतं. कॅसेटच्या तोंडाच्या मखमलीला धूळ असेल तर पूर्ण रोलवर लांबलचक ओरखडे येतात, प्रत्येक वेळी ब्लोअरने साफ करा.

एक्सपायर झालेली फिल्म रस्त्यावरच्या फोटोंना चालते, इथे नाही. जुन्या फिल्मचा फॉग, म्हणजे प्रकाश न लागताच सगळीकडे येणारा काळेपणा, वाढलेला असतो आणि आपल्याला हवा असलेला मंद प्रकाश नेमका त्याच्याखाली गाडला जातो.

रोल हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, वर्षभराहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीजरमध्ये. नाशिकच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कपाट उघडलं तरी ओलसर वास येतो, तेव्हा उघड्यावर ठेवलेला रोल ओलावा पितोच. फ्रीजमधून काढल्यावर लगेच डबी उघडायची नाही, घाम सुटतो. फ्रीजवाल्याला दोन तास तरी, फ्रीजरवाल्याला रात्रभर बाहेर राहू द्या आणि मगच झाकण काढा. विमानाने आणत असाल तर हातातल्या बॅगेत ठेवा आणि सिक्युरिटीला हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेल्या रोलवर फॉग येऊ शकतो आणि चेक-इन सामानात तर टाकूच नका. मी मुंबईहून रस्त्याने येणाऱ्या कुरिअरने मागवतो.

फिल्म तयार करणं

पूर्वी खगोल छायाचित्रणात हायपरिंग हा मोठा विषय होता. फिल्म व्हॅक्युममध्ये ठेवून तिच्यातला ओलावा आणि ऑक्सिजन काढायचा, मग ८ टक्के हायड्रोजन आणि ९२ टक्के नायट्रोजनच्या मिश्रणात, ज्याला फॉर्मिंग गॅस म्हणतात, ५० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजायची. ओलावा आणि ऑक्सिजन हे दोघं त्या सुट्या चांदीच्या अणूचे शत्रू आहेत, ते गेले की फिल्मचा दम वाढतो. टेक्निकल पॅन तर याशिवाय कोणी वापरायचंच नाही.

आज हे करायचं का? माझं मत, नाही. आपलं शहर एमआयडीसीचं, गॅस आणि व्हॅक्युम पंप दोन्ही मिळतील, सातपूर-अंबडला टाकीसुद्धा कोणीतरी बनवून देईल, आणि म्हणूनच आवर्जून सांगतोय की घरी हायड्रोजनशी खेळू नका. शुद्ध हायड्रोजन तर अजिबातच नाही. प्रमाण थोडं चुकलं की फिल्म पूर्ण फॉग होते ते वेगळंच, आणि ॲक्रॉस किंवा प्रोव्हियासारख्या मुळात दमदार फिल्म असताना त्यातून मिळणारा फायदा एवढ्या धोक्याच्या लायकीचा नाही.

त्यातला निम्मा भाग मात्र घरी बिनधोक करता येतो, तो म्हणजे ओलावा काढणं. रंग बदलणारी सिलिका जेल आणा, ती पूर्ण कोरडी असल्याचं रंगावरून बघून घ्या. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला जेल, वर जाळी किंवा कापड, त्यावर कॅसेट तिच्या प्लास्टिक डबीचं झाकण काढून ठेवा. फिल्म प्रकाशापासून कॅसेटमध्ये सुरक्षितच असते, तरी डबा अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. चार-पाच दिवस राहू द्या. यातून चमत्कार होत नाही, पण रात्रभरात ओली होऊन फुगणारी फिल्म आणि सपाट बसणारी फिल्म यातला फरक मला स्वतःला दिसलाय. जिथे जायचं तिथे हा डबा घेऊनच जा आणि रोल तिथेच लोड करा, संध्याकाळी घरी लोड करून नेला तर दव पडायच्या वेळेपर्यंत निम्मा कोरडेपणा गेलेला असतो. जेल गरम करून परत वापरता येते, पण त्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

दुसरा उपाय प्री-फ्लॅश. फिल्मला आधी अगदी थोडा, सगळीकडे सारखा प्रकाश दाखवायचा म्हणजे स्फटिकांमध्ये पहिले एक-दोन अणू आधीच जमून बसतात आणि तेजोमेघाच्या प्रकाशाला पुढचंच काम उरतं. मंद उजेडातला पांढरा कागद, लेन्स आउट ऑफ फोकस, मीटर म्हणेल त्यापेक्षा चार स्टॉप कमी एक्सपोजर, आणि मग फिल्म पुढे न सरकवता त्याच फ्रेमवर आकाश. कॅमेऱ्यात मल्टिपल एक्सपोजरची सोय हवी, निकॉन एफएम २ ला ती आहे. पण एक लक्षात घ्या, आपल्या आकाशात शहरांची झाक असतेच आणि ती झाक स्वतःच प्री-फ्लॅशचं काम करते. त्यामुळे याचा खरा उपयोग लाल फिल्टर लावून काम करताना होतो, कारण तेव्हा फ्रेममध्ये खरोखर अंधार असतो. स्लाइड फिल्मवर मी हे करत नाही, रंगांचा तोल जातो.

कोरड्या बर्फाने फिल्म गार करण्याची पण एक जुनी पद्धत होती, फिल्म ठिसूळ होते आणि तिच्यावर दव गोठतं. सोडून द्या.

कॅमेरा आणि फोकस, रोल घालण्याआधी

शटर मेकॅनिकल हवं. पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम २, ऑलिंपस ओएम-१, याशिका एफएक्स-३ यातलं काहीही चालेल, काका-मामाच्या कपाटात यातला एखादा नक्की असतो. इलेक्ट्रॉनिक शटर बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती सेटिंग) उघडं ठेवलं की बॅटरी खातं आणि थंडीत दुसऱ्या फ्रेमलाच मान टाकतं. लॉक होणारी केबल रिलीज घ्या. ओएम-१ ला मिरर वर लॉक करता येतो ते उत्तम.

लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्याची पाठ उघडा, शटर बल्बवर लॉक करा, फिल्म जिथे बसते त्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा, किंवा दुधी चिकटपट्टी ताणून लावा. आता व्याधासारख्या ठळक ताऱ्यावर कॅमेरा धरून भिंगातून बघत ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे रिंग थांबवा आणि टेप लावून टाका. हे काम काळोखात पंधरा मिनिटं खातं पण एकदाच करायचं असतं. त्यानंतर रोल घाला. ५० एमएमची एफ/१.८ लेन्स एफ/२.८ किंवा एफ/४ ला बंद करून वापरा, पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात.

फ्रेम पुढे सरकवली की लगेच शटर उघडू नका. फिल्म सरकल्यावर थोडा वेळ ताणलेली असते आणि मग सैल पडून जागा बदलते, एक्सपोजरच्या मध्येच असं झालं तर तारे दुहेरी येतात. दोन-तीन मिनिटं थांबा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, चांगल्या सहा फ्रेम गमावल्यावर कळलं.

ट्रॅकर विकत घ्यायचा नसेल तर बिजागरीचा बार्नडोर ट्रॅकर बनवता येतो. दोन फळ्या, एक बिजागरी आणि १ मिलिमीटर पिचचा एम ६ बोल्ट, बिजागरीपासून बोल्टचं अंतर २२८.५ मिलिमीटर ठेवलं की मिनिटाला एक फेरा हाताने फिरवून ५० एमएमला दहा मिनिटं सहज मिळतात. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे हवा. नाशिकचा अक्षांश २० अंश, म्हणजे ध्रुव तारा क्षितिजापासून २० अंशच वर, हात ताठ लांब करून उघडलेल्या वितीएवढा. उत्तरेला डोंगर असलेली जागा निवडलीत तर ध्रुव दिसणारच नाही, दिवसाच होकायंत्र घेऊन बघून या.

जायचं कुठे आणि रात्री काय

नोव्हेंबर ते मार्च, अमावस्येच्या आगेमागे चार दिवस, कालनिर्णय बघून आधीच खुणा करून ठेवा. निफाड-पिंपळगावकडे नको, तिकडे थंडी कडक पडली की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि धूर जमिनीलगत साचतो. सिन्नरकडे कारखान्यांचे दिवे. पश्चिमेला चला, पेठ, सुरगाणा, हरसूल. तिथून नाशिकची झाक पूर्वेला आणि आग्नेयेला राहते, त्यामुळे तारकासमूह डोक्यावर येऊन पश्चिमेकडे झुकेपर्यंत थांबा आणि मग टिपा. इगतपुरी-वैतरणाकडून झाक ईशान्येला असते, तिथे दक्षिण मोकळी मिळते. फेब्रुवारी-मार्चच्या उत्तररात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ साधारण २२ अंश वर येतो, युरोपात बसून ही चैन करता येत नाही.

एकटे जाऊ नका. बिबट्याचा वावर सगळीकडे आहे, उसाजवळ तर नकोच. गावातल्या ओळखीच्या माणसाला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता रानात लाल बॅटऱ्या दिसल्या की गाव जागं होतं आणि त्यांचंही बरोबरच आहे.

पहिल्या रोलवर फक्त टेस्ट करा. मृगातला मोठा तेजोमेघ फ्रेममध्ये घ्या आणि १, २, ४, ८, १६ मिनिटं असं एफ/४ ला चढत जा, मग एफ/२.८ ला तेच. ट्रॅकर हाताने फिरवायचा असेल तर १६ चा नाद सोडा, आठवर थांबा. धुतल्यावर बघा, आकाशाचा मोकळा भाग फिल्मच्या कोऱ्या कडेपेक्षा जेमतेम गडद झालाय तो वेळ तुमचा. त्याहून कमी दिला तर मंद प्रकाश आलेला नाही, जास्त दिला तर शहराची झाक वर चढतेय. हा आकडा फिल्म, जागा आणि लेन्स तिन्हींचा मिळून असतो, दुसऱ्याचा उसना घेता येत नाही. प्रत्येक फ्रेमची वेळ, हवा, दव सगळं वहीत लिहा.

मुंबईकडे उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातात. विमान फ्रेमकडे येताना दिसलं की शटर बंद करायचं नाही, काळा पुठ्ठा लेन्ससमोर न हलवता धरायचा, विमान गेलं की काढायचा आणि तेवढी मिनिटं शेवटी वाढवायची. लेन्सवर दव बसू नये म्हणून पॉवरबँकवर चालणारी हीटर पट्टी लावा, अगदी कोमट पुरते.

धुणं

प्रत्येक रोलची पहिली फ्रेम दिवसाची, साध्या घराची किंवा झाडाची काढा. आकाशाच्या फ्रेमला कडा दिसत नाहीत, आणि एका लॅबमध्ये माझ्या कृत्तिका बरोबर मधोमध कापल्या गेल्या होत्या. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहितो, कापू नका, अख्खी पट्टी द्या, कोरी वाटली तरी टाकू नका. ई-६, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया, करणाऱ्या लॅब आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे स्लाइड रोल घ्यायच्या आधीच फोन करून घ्या आणि एक स्टॉप पुश करून, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त डेव्हलप करून, मिळेल का तेही विचारा. पुश केल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो, तो इथे हवाच असतो.

ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुवा. एचपी ५ ला आयडी-११ किंवा डी-७६ डेव्हलपर न पातळ करता २० अंशाला ७.५ मिनिटं, एक स्टॉप पुशला आयडी-११ मध्ये १०.५ मिनिटं, मी पुशचाच वेळ वापरतो. जानेवारीत नळाचं पाणी जवळपास त्याच तापमानाचं असतं, एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरलंत तर फिल्म उकडून निघेल, बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवा. शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि धूळ निगेटिव्हवर बसली की स्कॅन उलटा केल्यावर ती हुबेहूब ताऱ्यांसारखी चमकते.

म्हणूनच कुठल्याही वस्तूची एकच फ्रेम घेऊन परतायचं नाही, निदान दोन घ्यायच्या, अगदी सारख्या वेळेच्या. दोन्ही स्कॅन करून एकमेकांवर ठेवल्या की दाणा पण मऊ होतो, आणि एकीत आहे पण दुसरीत नाही असा जो तारा दिसेल ती धूळ.